हाती घेतलेले काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावे असा अध्यक्षबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. सारा जन्म भोरमध्ये मुलांना बाराखडी शिकवण्यात गेला. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही ख्रिस्ती. तुमच्या धर्मात सेवेला फार मोठे स्थान आहे. तर देवाची सेवा म्हणून काम करणारे माणूस थकत कसे नाही, तेवढेच सांगा." आता आली की नाही पंचाईत? कारण, भगिनींनो, खरे सांगावयाचे तर माणूस थकते. मी स्वतः थकले होते. इतकी थकले होते, की याच अध्यक्षबाईंच्या हाती देण्यासाठी राजीनाम्याची चिठ्ठी लिहून मी पिशवीत ठेवली होती. ती चिठ्ठी मी का दिली नाही, एवढेच आज सांगते.

आपल्या मंडळाने वेल्ह्याकडील एका वाडीत बायकांसाठी लिहिण्यावाचण्याचा वर्ग सुरू केला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दर शनिवारी कापूरहोळ, नसरापूर करीत मी एस.टी.ने जात असे आणि गाडी सोडल्यावर पुढे पायी चढण चढत असे. समोर तोरणा. पहिल्या दिवशी एकोणीस बायका आल्या. मला तर आभाळ ठेंगणे झाले! पण पुढे रब्बीची कामे निघाली, मग राब भाजण्याचे दिवस आले, लग्नसराई आली. एकोणिसाच्या अकरा झाल्या, अकराच्या चार. आवणाच्या दिवसांत तर एक म्हातारी आणि मी, अशा दोघीच देवळाच्या ओट्यावर फळा मांडून बसलेल्या. बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि आम्ही 'क कमळातला' गिरवतो आहोत!

याच काळात घरी आमचे मालक अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. शनिवारी दुपारी त्यांच्यापाशी बसावयास तुमच्यापैकीच कोणी ना कोणी येत होते, ते मी कशी विसरेन? त्यांना पुन्हा चालता यावे म्हणून मी रोज पहाटे प्रार्थना करीत असे. दोन वर्षे केली. मालक चालले नाहीत. ज्येष्ठात ते गेले. त्यानंतर दोन महिने मी वाडीकडे फिरकले नाही आणि ती चिठ्ठी लिहिली.

येशू ख्रिस्ताने सांगितलेली एका विधवेची गोष्ट आहे. एका गावात एक न्यायाधीश होता. त्याला ना देवाचे भय, ना माणसांची चाड. त्याच्याकडे एक विधवा न्याय मागावयास येई. तो दाद देईना. तीही हटेना. आज आली, उद्या आली, परवा आली. शेवटी तो कंटाळून म्हणाला, या बाईने माझा जीव खाल्ला, हिचे काम करून टाकावे हे बरे. तात्पर्य, प्रार्थना करताना खचून जाऊ नये. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आणि शाळेत मुलांनाही सांगत आले. पण मालक गेल्यावर तीच गोष्ट मला बोचू लागली. त्या बाईला न्याय मिळाला. मी दोन वर्षे दार ठोठावले, मला काय मिळाले? हा प्रश्न मी कोणापाशी बोलले नाही. आज प्रथमच बोलते आहे. तुमच्यापैकी कित्येकींनी आपापल्या देवाला हाच प्रश्न कधी ना कधी विचारला असेल.

त्या दिवसांत मी पुन्हा पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती घेतले. रमाबाई आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या. त्यांचे धर्मांतर त्या काळी पुष्कळांना रुचले नाही, आजही कोणाला रुचणार नाही. त्याबद्दल वाद घालण्याचा हा प्रसंग नव्हे. मी त्यांच्याकडे पाहते ते हाती घेतलेले काम न सोडणारी बाई म्हणून.

1858 साली जन्मलेल्या या मुलीला आईने संस्कृत शिकवले. सोळा वर्षांच्या वयाच्या सुमारास दुष्काळाने आईवडील नेले, बहीणही गेली. भावाबरोबर त्या पायी देश हिंडल्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला आणि 1882 साली पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा. 1883 साली डॉक्टर व्हावे म्हणून विलायतेस गेल्या, तर ऐकू येणे कमी झाले आणि ती वाट बंद पडली. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. 1893 साली धर्माच्या प्रश्नावरून गदारोळ उठला, सल्लागार मंडळातील रानडे-भांडारकरांसारखे थोर लोक बाजूस झाले आणि कितीतरी पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. एकेका बाकावरून मुली उठून गेल्या म्हणजे शिकवणारीच्या पोटात काय होते, ते मला विचारा!

एवढ्यावर त्यांनी सदन बंद केले असते, तर कोणी नाव ठेवले असते काय? पण त्यांनी बंद केले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना व बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजाराच्या वर गेली होती.

पण मला सर्वांत हलवून गेले ते त्यांचे अखेरचे काम. बायबलचे मराठी भाषांतर पूर्वीच झाले होते. परंतु त्याची भाषा खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जाते, असे रमाबाईंना वाटे. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या उतारवयात शिकल्या आणि साध्या मराठीत सगळे बायबल उतरवावयास बसल्या. काय गंमत आहे पाहा! जिला संस्कृतासाठी पंडितांनी डोक्यावर घेतले, ती बाई जड संस्कृत शब्द वेचून बाजूस काढते आणि त्या जागी चुलीपाशी बोलला जाणारा शब्द शोधते. हे काम दीड तपाच्या आसपास चालले. अक्षरे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीतल्याच बाया. ज्यांना कोणी दुष्काळात रस्त्यावर सोडले होते, त्यांच्या हातून ते पुस्तक छापले जात होते.

1921 च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, वय चाळीस वर्षांचे, आईच्या कामाचा उजवा हात. रमाबाई स्वतः थकलेल्या, कानांनी अधू. त्यांच्या मनात काय चालले असेल ते सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र सर्वांना ठाऊक आहे, की त्या मुद्रिते तपासीत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे ते तपासण्याचे काम पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो 1924 साली. म्हणजे बांधलेले पुस्तक त्यांनी हाती घेऊन पाहिलेच नाही.

येथे मी पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मला वाटत आले होते, की चिकाटीने मागितले म्हणजे मागितलेले मिळते. मिळाले नाही तर चिकाटी फुकट. रमाबाईंकडे पाहून वाटले, की चिकाटी हा देवाशी केलेला सौदा नव्हे. त्या विधवेने रोज दार ठोठावले, ते न्याय आहे आणि तो मिळावयास हवा, ही खात्री तिने सोडली नाही म्हणून. माझे मालक चालले नाहीत, याचे उत्तर मला अजूनही मिळालेले नाही आणि मिळाले असे मी खोटे सांगणार नाही. पण दोन वर्षे त्यांना पाणी पाजताना, कूस बदलताना माझे हात एकटे नव्हते. त्यात तुमचेही हात होते.

आणखी एक गोष्ट. चिकाटी निराळी आणि हट्ट निराळा. डॉक्टरकीची वाट बंद झाली तेव्हा रमाबाईंनी तिथेच डोके आपटले नाही. त्या शिक्षणाकडे वळल्या. पुण्यातले सदन पुरे पडेना, तेव्हा केडगावची माळरानाची जमीन कसली. काम धरून ठेवले, वाट बदलली. आपल्या मंडळातही पुष्कळ कामे निघतात आणि मावळतात. एखादे काम बंद करावे लागले तर त्यात लाज नाही. पण ते त्याची गरज संपली म्हणून बंद करावे, आपल्याला कोणी हार घातला नाही म्हणून नव्हे.

आता त्या चिठ्ठीचे. श्रावणात एके दिवशी मोबाइल वाजला. वाडीवरची ती म्हातारी नातीच्या फोनवरून बोलत होती. मालक गेल्याचे तिला कळले होते. आधी ती पुष्कळ रडली. मग म्हणाली, "बाई, तुमी आला न्हाई, आन् माजा 'क' मोडला बगा. येकलीला त्याचा काना कुटं द्यायचा ते उमगंना." मी रडतारडता हसले. पुढच्या शनिवारी गेले. चिठ्ठी पिशवीतच होती. म्हाताऱ्या आजीने पाटी पुढे केली. 'क' खरेच मोडला होता!

वाटेत दोन्ही बाजूंना आवण लागलेले होते. भातरोप राबातून उपटून चिखलात लावले म्हणजे पहिले आठ दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. शहरातल्या माणसाला वाटेल, मेले. पण आपल्या भोर-वेल्ह्याची कोणतीही बाई ते उपटून टाकीत नाही. तिला ठाऊक असते, की ते मुळे धरते आहे. मला वाटते, आपल्या मनाचेही असे पिवळे पडण्याचे दिवस असतात. त्या दिवसांत फार मोठे काही करावयाचे नसते. बांधावर जाऊन पाणी आहे ना, एवढे पाहावयाचे.

वर्गाला आज किती बायका येतात म्हणाल, तर तीन. एकोणीस झाल्या नाहीत आणि होतील असे आश्वासन मी देत नाही. आजी आता आपले नाव लिहितात. पहिले अक्षर अजून ओळीखाली घसरते. बँकेत अंगठा न लावता सही केली, तेव्हा म्हणे तिथल्या माणसाने दोनदा वर मान करून पाहिले!

आपल्या या भागात आम्ही ख्रिस्ती मूठभर. नसरापुरास मिशनचे ठाणे पडले त्या काळापासून पुष्कळ सेवक आले आणि गेले. बहुतेकांची नावेही कोणाला आठवत नाहीत. पण नावे राहावीत म्हणून कोणी पाणी भरत नाही. घरात पाणी लागते म्हणून भरतो. देवाची सेवाही मला आता तशीच वाटते.

अध्यक्षबाई, ती चिठ्ठी मी आज आणली आहे. मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच हे भाषणाचे मुद्दे लिहिले. तेव्हा ती आता आपणास देता येत नाही. एकच विनंती आहे. पावसाळ्यात चढण मला एकटीला झेपत नाही. तुमच्यापैकी कोणी एक जणी शनिवारी सोबत याल काय? गाडी दुपारची असते. भाकरी मी बांधून घेईन.

इतके बोलून मी आपली रजा घेते.