मुक्कामाविना खोली : एक नैतिक प्रश्न

(सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. एखाद्या माणसाने रिसॉर्टमध्ये खोली घेतली, भाडे भरले, पण तो तेथे राहिलाच नाही. खोली घेण्याचा हेतू मुक्काम करणे हा नव्हताच. तेथे उतरणाऱ्या पाहुण्यांना ज्या खास सवलती मिळतात तेवढ्याच त्याला हव्या होत्या. यात काही चूक आहे काय? चोरी नाही, मारामारी नाही, पैसे रोख भरलेले आहेत. मग आक्षेप कशाला? हा प्रश्न आज नोकरीधंद्याला लागलेली आपली मुले विचारतात, आणि तो विचारण्याजोगा आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट विचार करूनच दिले पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाचे प्रचंड करमणूक केंद्र १९७१ साली सुरू झाले. तेथील झुल्यांवर आणि खेळांवर बसण्यासाठी तासन्‌तास रांगा लागतात. काही वर्षे तेथे असा नियम होता की, कंपनीच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्याला खेळाची वेळ ६० दिवस आधी राखून ठेवता येई आणि बाहेर उतरणाऱ्याला ३० दिवस आधी. साहजिकच लोकप्रिय खेळांच्या वेळा पहिल्या तीस दिवसांतच संपत. यावर काहींनी युक्ती काढली. कंपनीच्याच आवारात तंबू ठोकण्यासाठी भाड्याने मिळणारी सर्वांत स्वस्त जागा आपल्या नावावर घ्यायची, तेथे तंबू ठोकायचाच नाही, मुक्काम बाहेरच्या हॉटेलात किंवा नातेवाइकाकडे करायचा, आणि ६० दिवसांची सवलत मात्र घ्यायची. ती पद्धत २०२० मध्ये थांबली व नंतर बंदच झाली. पण हॉटेलच्या पाहुण्यांना इतरांच्या आधी आत सोडणे, आधी आरक्षण देणे अशा सवलती नव्या रूपात चालूच आहेत. मोठ्या हॉटेल कंपन्या मुक्कामाच्या रात्री मोजून गुण देतात. ते गुण मिळवण्यासाठी खोली घ्यायची, नोंदणी करून किल्ली घ्यायची आणि न झोपताच घरी जायचे, असेही प्रकार होतात.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे झाले, आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. जागा धरून ठेवण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको. लग्नसराईत एस.टी. फलाटाला लागण्यापूर्वी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा महाराष्ट्रातच जन्मला! तरी तो रुमालवाला बरा म्हणायचा, कारण तो निदान त्या जागेवर बसतो. आज टिपेश्वरला वाघ पाहायला लांबलांबून लोक येतात. जंगलात सोडायच्या गाड्या मोजक्या आणि सुटीच्या दिवसांत खोल्याही मोजक्या. जेथे वस्तू मोजकी आणि मागणारे अनेक, तेथे हा प्रश्न उभा राहतोच. रिसॉर्टचा असो, धर्मशाळेचा असो की वसतिगृहाचा, त्याचे मूळ एकच आहे.

आता "मी पैसे भरले आहेत" हा युक्तिवाद तपासू. पैसे भरले ते कोणाला? मालकाला. मालकाचे नुकसान झाले नाही हे खरे. पण सवलत ही मर्यादित वस्तू आहे. माझ्या वाट्याला आलेली वेळ रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी वाट्याची कमी होते. त्या माणसाला मी एक पैसाही दिलेला नाही. शिवाय मी कुलूप लावून ठेवलेली खोली दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला रात्री निवारा देऊ शकली असती. तेव्हा हिशेब मालकाशी मिटला तरी तो तिसऱ्या माणसाशी मिटत नाही, आणि हा तिसरा माणूस आपल्याला दिसत नाही म्हणूनच आपले मन आपल्याला टोचत नाही.

याचा अर्थ रिकामी ठेवलेली प्रत्येक खोली म्हणजे पाप असा मी काढत नाही. एखादे हॉटेल अर्धे रिकामे आहे, मालकाला आपण स्पष्ट सांगितले की आम्ही रात्री राहणार नाही, फक्त दिवसभर तलाव आणि बाग वापरू, आणि त्याने आनंदाने पैसे घेतले, तर तेथे कोणाचे काही हिरावले जात नाही. घरी कोणी आजारी पडले म्हणून ठरलेला मुक्काम रद्द करावा लागला तर तोही दोष नव्हे. म्हणून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. एक, ही वस्तू मोजकी आहे काय, आणि माझ्या घेण्याने कोणी परत जातो काय? दोन, मी राहणार नाही हे देणाऱ्याला ठाऊक आहे काय, की मी त्याला उलटे भासवले? तीन, ही सोय ज्याच्यासाठी ठेवली आहे तो मी आहे काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल खोली घ्यावी. पंचशीलातील दुसरे शील जे दिले गेले नाही ते न घेण्याचे आहे. पाहुण्यासाठी दिलेली वस्तू पाहुणा नसलेल्याने घेतली तर ती त्याला दिलेली होती काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आणि राहायचे नसताना राहणार असे भासवले तर चौथ्या शीलालाही धक्का बसतोच.

बंधू-भगिनींनो, आपल्याला आश्चर्य वाटेल, पण नेमका हाच प्रश्न तथागतांच्या हयातीत भिक्खूसंघापुढे आला होता आणि विनयपिटकात त्याची नोंद आहे. वर्षावासात भिक्खू एका ठिकाणी राहत. वर्षावास संपला की तेथील उपासक त्या आवासात राहिलेल्या भिक्खूंना चीवराचे वस्त्र दान देत. उपनंद नावाच्या शाक्यपुत्र भिक्खूने विचार केला की, एकट्याने दोन आवासांत वर्षावास धरला तर वस्त्रे पुष्कळ मिळतील. त्याने तसे केले. प्रकरण तथागतांपर्यंत गेले. तथागतांनी त्याची कानउघाडणी केली, परंतु त्याला उपाशी ठेवले नाही. एका माणसाला एकाच माणसाचा वाटा मिळेल, असा निर्णय दिला. अर्धा काळ येथे आणि अर्धा काळ तेथे काढला असेल तर दोन्हीकडून अर्धा-अर्धा, किंवा जेथे अधिक काळ राहिला तेथून वाटा द्यावा. म्हणजे वाट्याचे मोजमाप नाव नोंदवण्यावर न ठेवता प्रत्यक्ष राहण्यावर ठेवले. अडीच हजार वर्षांपूर्वी केलेला हा नियम आजच्या हॉटेल कंपन्यांनाही उपयोगी पडावा.

याच उपनंदाने एकदा श्रावस्तीत निवासाची जागा घेतली आणि पुढे एका खेड्यातील आवासात जाऊन तेथेही जागा घेतली. तेव्हा एकाने दोन जागा अडवू नयेत असा नियमच करण्यात आला.

आणखी एक प्रसंग आहे. तथागत भिक्खूसंघासह श्रावस्तीकडे निघाले असता षड्वर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिक्खूंचे शिष्य पुढे धावले आणि आपल्या उपाध्यायांसाठी, आचार्यांसाठी व स्वतःसाठी सगळ्या जागा धरून बसले. मागाहून सारिपुत्त आले. संघातील एवढे थोर भिक्खू, पण त्यांना निजायला जागा उरली नाही. त्यांनी रात्र झाडाखाली बसून काढली, आणि पहाटे तथागतांना ते तेथे आढळले. सारिपुत्तांनी तक्रार केली नाही. ज्याची जागा जाते तो पुष्कळदा तक्रार करीत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जागावाटपासाठी योग्य भिक्खू नेमण्याची व्यवस्थाही संघात झाली. त्याच्या अंगी पाच गुण हवेत असे सांगितले आहे. आवडीपोटी, द्वेषापोटी, मोहापोटी किंवा भयापोटी त्याने पक्षपात करू नये, आणि कोणती जागा घेतलेली आहे व कोणती नाही हे त्याला ठाऊक असावे. हा पाचवा गुण किती व्यवहारी आहे पहा! नोंदवहीत भरलेली आणि प्रत्यक्षात रिकामी जागा ज्या व्यवस्थापकाला कळत नाही, तो कितीही सज्जन असला तरी न्याय करू शकत नाही.

येथे एखादा विद्यार्थी विचारील की, मग नोंदवहीतील खोटी नोंद ही नेहमीच दोषास्पद काय? या प्रश्नाला बाबासाहेबांच्या जीवनातील एका प्रसंगाने उत्तर देता येते. १९१७ साली परदेशातील शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी जागा देईना. शेवटी ते एका पारशी उतारशाळेत गेले. तेथे दुसरा एकही प्रवासी नव्हता. इमारत रिकामी होती, तरी नियमाने ती फक्त पारशांसाठी होती. देखरेख करणाऱ्याने वहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर त्यांना ठेवून घेतले. रोजचे दीड रुपया भाडे त्यांनी दिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांना त्या खोलीतून बाहेर काढण्यात आले. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एकीकडे गरज खरी, मुक्काम खरा, भाडे दिलेले, कोणाची जागा अडवलेली नाही, आणि नाव मात्र अन्यायी नियमामुळे बदलावे लागले. दुसरीकडे नाव खरे, भाडे दिलेले, पण गरज नाही, मुक्काम नाही आणि दुसऱ्याची जागा अडलेली. दोष कोठे आहे हे सांगायला नको. रिकाम्या इमारतीत आपल्या उद्धारकर्त्याला जागा नाकारली गेली. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण तरी गरजवंताच्या तोंडावर रिकाम्या खोलीला कुलूप लावू नये.

आता विद्यार्थ्यांशी थोडे स्पष्ट बोलतो. रिसॉर्टपर्यंत आपल्यातील थोडेच जातात, पण वसतिगृहाशी आपला सर्वांचा संबंध आहे. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहात राहणे, जेवण, शालेय साहित्य आणि निर्वाह भत्ता मिळतो. ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, ती भोजन व निवासासाठी रक्कम खात्यात देते. या सोयी कोणाची मेहरबानी नाहीत, तो आपला हक्क आहे. म्हणूनच त्या अधिक जपायला हव्यात. जो मुलगा वसतिगृहात खाट घेतो, भत्ता घेतो आणि राहतो मात्र शहरातील मामाकडे, त्याने रिसॉर्टवाल्यापेक्षा मोठी चूक केली असे मी म्हणेन. रिसॉर्टच्या रांगेत मागे उभ्या माणसाचा एक खेळ हुकतो. वसतिगृहाच्या यादीत खाली राहिलेल्या मुलाचे वर्ष हुकते. तो झरी-जामणीच्या किंवा उमरखेडच्या एखाद्या खेड्यातील शेतमजुराचा मुलगा असतो. खोली भाड्याने घेण्याची ऐपत नसली की तो गावी परत जातो आणि कापसाच्या वेचणीला लागतो. रिकाम्या खाटेची ही किंमत आहे, आणि ती किंमत खाट अडवणारा भरत नाही.

तीच गोष्ट धम्मचक्र प्रवर्तन दिनाची. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया सतरंजी अंथरून उघड्यावर रात्र काढतात. अशा वेळी "असू द्या, लागली तर लागली" म्हणून दोन-दोन ठिकाणी खोल्या अडवून ठेवणे आणि नको असलेली वेळेवर न सोडणे, हे आपल्याच सारिपुत्ताला झाडाखाली बसवण्यासारखे आहे.

यावर उपाय काय? नुसत्या उपदेशाने भागत नाही. तथागतांनीही नियम केले. सोसायटीपुढे मी तीन सूचना ठेवतो. सोसायटीतर्फे जेथे निवासाची व्यवस्था होईल तेथे ठरलेल्या वेळेपर्यंत न आलेल्याची जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या माणसाला द्यावी. रेल्वेत न आलेल्या प्रवाशाचा बर्थ पुढच्याला मिळतो, तसेच. नोंदवहीत नावाबरोबर प्रत्यक्ष मुक्कामाच्या रात्री लिहाव्यात, आणि जी काही मदत वाटायची ती त्या रात्रींप्रमाणे वाटावी. आणि वसतिगृह सोडणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच दिवशी गृहपालाला लेखी कळवावे, म्हणजे यादीतील पुढच्याला निरोप जाईल. ज्याने स्वतःहून जागा सोडली त्याला आपण दोष न देता धन्यवाद द्यावेत. नाहीतर कोणी सोडणारच नाही.

मित्रहो, आपली परिस्थिती बदलत आहे. ज्यांच्या आजोबांना धर्मशाळेच्या ओसरीवर बसू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे आज रिसॉर्टमध्ये खोली घेतात. ही आनंदाची आणि अभिमानाची गोष्ट आहे. खुशाल जा, राहा, मुलाबाळांना फिरवा. परंतु ज्याच्याकडे पर्याय आला त्याच्यावर जबाबदारीही आली. खोली घेतली तर तिच्यात राहावे, राहायचे नसेल तर वेळेवर सोडावी, आणि राहणाऱ्यासाठी जे ठेवले आहे ते राहणाऱ्याला मिळू द्यावे. यासाठी मोठा त्याग करावा लागत नाही. रांगेत आपल्या मागे कोणीतरी उभे आहे एवढी आठवण पुरते.

 एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.

नमो बुद्धाय, जयभीम!