भिगवणचे पाहुणे, होडीतून



आज जाऊ या भिगवणला.
पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने, साधारण 100 किलोमीटर.

इथे उजनी धरणाचं पाणी लांबवर पसरलंय.
भीमा नदीचंच हे पाणी.
कुंभारगावच्या काठावर मच्छीमारांच्या होड्या असतात.
होडी चालवणाराच आपला वाटाड्या.
पाण्याची खोली, पक्ष्यांच्या जागा… त्याला सगळं पाठ.

सकाळी लवकर निघा. आणि घाई करू नका.

उथळ पाणी आलं, की नावाडी इंजिन बंद करतो.
बांबूने होडी हळूहळू रेटतो.
समोर रोहित… म्हणजेच फ्लेमिंगो.
नीट बघा. मान खाली, आणि चोच चक्क उलटी!
पायांनी चिखल ढवळायचा.
चोचीतून पाणी गाळायचं.
बारीक जीव तेवढे पोटात.
घरच्या चाळणीसारखंच की!

हिवाळ्यात पट्टकदंबही येतात, थेट हिमालय ओलांडून.
डोक्यावर दोन काळे पट्टे… ओळख सोपी.

फोटोसाठी “अजून जवळ घ्या” म्हणू नका.
थवा उडाला, की त्यांचं खाणं मोडतं.
म्हणून पुन्हा सांगते… घाई नको.

परतल्यावर काठावरच मासळीचं जेवण मिळतं.
तळलेली चिलापी मागा.
रस्सा मात्र झणझणीत असतो, बरं का!