आधी गिऱ्हाईकाची ओसरी, मग बँकेची पायरी



नवा उद्योग उभारू इच्छिणारा तरुण बँकेत जातो, तेव्हा त्याच्या हाती एक प्रकल्प अहवाल असतो. त्यात यंत्रसामग्रीची दरपत्रके असतात, जागेचा नकाशा असतो, पाच वर्षांच्या नफ्याचे कोष्टक असते. ‘बाजारपेठेतील मागणी’ या मथळ्याखाली मात्र जेमतेम दोन ओळी असतात. सदर मालास वाढती मागणी असून भवितव्य उज्ज्वल आहे! पापडापासून प्लायवूडपर्यंत सर्वांना हेच वाक्य चालते. अहवाल तयार करून देणाऱ्याच्या संगणकात ते बहुधा आधीपासूनच असते. आणि नेमके त्याच वाक्यावर वडिलांचा भविष्य निर्वाह निधी, आईच्या पाटल्या आणि जामीन राहिलेल्या मामाची अब्रू टांगलेली असते.

‘आम्ही लोकांना विचारले होते,’ असे यावर उत्तर मिळते. कोणाला विचारले? मित्रांना, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणण्याची रीत नाही. ‘कल्पना छान आहे, आम्ही अवश्य घेऊ,’ असे म्हणणारा गृहस्थ दुकान उघडल्यावर आपल्या नेहमीच्या वाण्याकडेच जाताना दिसतो. यात त्याची लबाडी नाही. त्याला मत विचारले होते. त्याने शिष्टाचार पाळला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. बेळगावात सायकलचे दुकान चालविलेल्या या कल्पक माणसाने १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडविला. पण पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होईल, नापीक होईल, असे शेतकरी म्हणत. ही गोष्ट आपण चिकाटीचा धडा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. परंतु व्यवसाय करू पाहणाऱ्याने तिची दुसरी बाजूही पाहावी. त्या काळी बहुतेक गावांत नांगर ही बाजारातून आणण्याची वस्तूच नव्हती. गावचा सुतार तो करून देई, मोडला तर नीट करी आणि सुगीला बलुत्याचे धान्य घेऊन जाई. रोकड लागत नसे. लोखंडी नांगराला पैसे मोजायचे. ऐन नांगरटीत काही तुटले तर दुरुस्ती कोण करणार ठाऊक नाही. आपली बैलजोडी तो ओढील की नाही, याचीही खात्री नाही. ‘जमीन विषारी होईल’ या एका वाक्यामागे असे किती प्रश्न दडलेले असतील! गिऱ्हाईक ते एकेक करून मांडीत बसत नाही. त्याला अडाणी ठरविणे सोपे, त्याच्या बांधावर जाऊन बसणे अवघड. लक्ष्मणरावांनी ती दोन वर्षे सोसली, आणि पुढे त्या नांगराने किर्लोस्करवाडी उभी केली. आजच्या तरुणाच्या कर्जाचा हप्ता दोन वर्षे थांबत नाही.

कधीकधी अडचण सांगणारा माणूस खरेदीदार नसतोच. खोबरेल तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यांत विकले जाई. हर्ष मारीवाला यांनी ‘पॅराशूट’ तेल प्लास्टिकच्या बाटलीत आणायचे ठरविले, तेव्हा दुकानदारांनीच नकार दिला. पूर्वी कोणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या होत्या आणि त्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. घरोघरी हिंडून हजार गृहिणींना विचारले असते, तरी एकीनेही उंदराचे नाव काढले नसते! हे कळल्यावर कंपनीने गोल बाटली केली, म्हणजे उंदराच्या दातांना धार सापडू नये. मग तेलाने भरलेल्या बाटल्या उंदरांसह पिंजऱ्यात ठेवल्या आणि त्या शाबूत राहिल्याचे दुकानदारांना दाखविले. बाजाराचा अभ्यास म्हणतात तो याला.

याउलट टाटांच्या ‘नॅनो’चे झाले. स्कूटरवर दाटीवाटीने बसून जाणारे कुटुंब रतन टाटांनी पाहिले. गरज खरी होती, तळमळही खरी होती. २००८ मध्ये १ लाखाच्या मोटारीची घोषणा झाली आणि देशभर कौतुक झाले. परंतु आपल्या समाजात पहिली मोटार केवळ वाहन नसते. तिला हार घातला जातो, पेढे वाटले जातात, सासुरवाडीला नेऊन ती दाखविली जाते. ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख अशा वस्तूला मारक ठरली, हे पुढे स्वतः टाटांनीही मान्य केले. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. एवढे मोठे घराणे तो फटका पचवू शकले, हे वेगळे.

मग छोट्या उद्योजकाने काय करावे? समजा, निवडलेली, चिरलेली भाजी घरपोच देण्याची कल्पना आहे. ‘तुम्ही घ्याल का?’ हा प्रश्न मुळीच विचारू नये. काल कोणती भाजी केली, ती कोणी निवडली, केव्हा निवडली, त्यासाठी बाईला वेगळे पैसे दिले का, किती भाजी वाया गेली, हे विचारावे. काही घरांत असे आढळेल की, सासूबाई दूरदर्शनवरील मालिका पाहता पाहता मटार सोलतात आणि तो त्यांच्या दिवसातला आनंदाचा तास असतो. त्या घरी आपला माल खपणार नाही, हे आधीच कळलेले बरे. कोणी अशी भाजी घेऊन नंतर बंद केली असेल, तर त्या घरी दोनदा जावे. वास येत होता, की सुटी परत देताना कटकट होत होती, हे तेथेच समजेल. बोलणे कमी आणि ऐकणे अधिक, हे पथ्य आपल्या कल्पनेच्या प्रेमात पडलेल्या माणसाला फार जड जाते. म्हणून सोबत वही न्यावी आणि घरच्या बाईचे शब्द जसेच्या तसे टिपावेत.

अशी तीस-चाळीस घरे झाली की, त्यांतील ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांच्याकडे एका आठवड्याचे पैसे आगाऊ मागावेत. किती जणांनी दिले, किती जणांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटले, हेही त्याच वहीत लिहावे. प्रकल्प अहवालातील त्या दोन ओळी खोडून त्यांच्या जागी हे आकडे घालावेत आणि मग बँकेत जावे.