शांत रस्ता कुणाचा?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी फ्रान्सच्या डोंगरात चार दिवस सायकल चालवून आले, हे कळल्यावर आपल्यातल्याच काहीजणींनी मला तीन प्रश्न विचारले. घरच्यांनी सोडलं कसं? सोबत कोण होतं? आणि गेली होतीस कशासाठी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी होती. तिसऱ्याला मात्र मी अडखळले. परिषद नव्हती, प्रशिक्षण नव्हतं, कुणाचं बाळंतपण नव्हतं. मी नुसती सायकल चालवायला गेले होते. बाईनं नुसतं कुठं जाणं याला आपल्या भाषेत चांगला शब्दसुद्धा नाही. ‘भटकणं’ म्हटलं की बाईच्या बाबतीत त्याचा अर्थच बदलतो.

हेही आधीच सांगून टाकते, की विमानाचं तिकीट, व्हिसा, रजा, हे सगळं मला जमलं. माझ्यासारख्या पगारदार बाईला ते जमतं, आपल्या वस्तीतल्या बहुतेकींना जमत नाही. तेव्हा मी काय काय पाहिलं याची यादी मी सांगत बसणार नाही. त्या रस्त्यांवर बायकांचा इतिहास जागोजाग पडलेला आहे. तो आपल्या कामाचा आहे, म्हणून सांगते.

आम्ही तिघी होतो. मी, लियाँला नोकरी करणारी माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिची शेजारीण. ही शेजारीण सत्तरीला आलेली निवृत्त शिक्षिका. सायकल चालवण्यात तीच आम्हा दोघींपेक्षा तरबेज. सेंत-एतिएन या औद्योगिक शहरातून निघून दक्षिणेला आर्देश जिल्ह्यात शिरायचं, लालूव्हेस्क, लामास्त्र, ल शेलार अशी गावं करत ल्वार नदीच्या उगमापर्यंत, म्हणजे १५५१ मीटर उंचीच्या जेर्बिए द जाँ या डोंगरापर्यंत जायचं, असा बेत होता. जिल्हा रस्ते अरुंद, पण डांबर गुळगुळीत. बाजूला बीच आणि फरची जंगलं, खाली उतरलं की चेस्टनटची झाडं. गव्हाचं पीक जिथं धड येत नव्हतं तिथं लोक चेस्टनटच्या पिठावर जगले, म्हणून त्याला तिथं भाकरीचं झाड म्हणतात. तास तास वाहन दिसत नाही. दिसलंच तर ते मागं थांबतं आणि लांबून वळसा घालून जातं. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं, असा तिथं कायदाच आहे.

सेंत-एतिएन सोडलं की लगेच ११६१ मीटरच्या खिंडीचा चढ लागतो. वर पॉल द व्हिव्ही या माणसाचं स्मारक आहे. ‘व्हेलोसिओ’ या नावानं तो सायकलवर लिहायचा, मासिक चालवायचा. १९३० साली तो वारला. सायकलला गिअर असावेत यासाठी त्यानं आयुष्यभर लिखाण केलं. आज आपल्याला वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे? गिअर असले की चढावर पायावर कमी जोर येतो, पाय फिरतो जास्त आणि माणूस न उतरता चढून जातो. पण त्या काळच्या शर्यतवाल्या पुरुषांना हे पटत नव्हतं. १९०२ साली पिरेनीज पर्वतातल्या टूरमाले खिंडीवर एका पर्यटन संस्थेनं सायकलींची चाचणी घेतली. तिथं मार्थ हेस नावाच्या बाई गिअरच्या सायकलवर तो घाट चढल्या. त्या काळी टूरमालेचा रस्ता म्हणजे दगडगोटे. यानंतर ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी लिहिलं, की गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक. खरा विजय स्नायूंच्या जोरावरचा. त्यांच्या शर्यतीत अशा गिअरना परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली.

मला ही गोष्ट फार ओळखीची वाटली. साधन असं बनवायचं की ते एकाच प्रकारच्या शरीराला झेपेल, आणि ज्याला झेपणार नाही त्याला दुबळं ठरवायचं. मग कुणी साधन बदलायला गेलं की म्हणायचं, ही तर लबाडी झाली! चढ तोच राहतो, बाईही तीच असते. दात मोजून चकती बदलली की ती वर पोचते. कामाच्या वेळा, यंत्रांची उंची, बसची पायरी, या सगळ्याबद्दल आपण हेच तर सांगत आलो आहोत.

कपड्यांचंही तसंच. पॅरिसमध्ये १८०० सालचा पोलिसांचा हुकूम होता, की बाईला पुरुषी पोशाख, म्हणजे अर्थातच पँट, घालायची असेल तर पोलिसांची परवानगी घ्यावी. १८९२ आणि १९०९ साली त्याला सवलत मिळाली. बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल! हँडल सोडलं की पुन्हा गुन्हा. हा हुकूम कुणी पाळत नव्हतं, तरी तो कागदावर इतका काळ राहिला, की तो रद्दबातल असल्याचं सरकारनं २०१३ साली लेखी जाहीर केलं.

लालूव्हेस्क हे जंगलातलं तीर्थक्षेत्राचं गाव. गेल्या दोनशे-तीनशे वर्षांत तिथं हजारो बायका डोंगर चढून आल्या आहेत. रात्री उतरायचं कुठं, हा त्यांचाही प्रश्न. एकाच खोलीत बाया-पुरुष दाटीवाटीनं झोपत. म्हणून १८२६ साली तिथं फक्त यात्रेकरू स्त्रियांसाठी घर उघडलं, आणि तेरेझ कुदेर्क या तरुण जोगिणीनं ते पुढं चालवलं. पुढं चर्चनं तिला संतपद दिलं, तो भाग वेगळा. मला महत्त्वाचं वाटलं ते एवढंच, की बाईनं प्रवास करावा असं वाटत असेल तर तिला निर्धास्त झोपायला जागा लागते, हे कुणाला तरी दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्याकडे एसटी स्टँडवर रात्र काढलेल्या बायकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

प्रत्येक गावात पाण्याचा नळ असतो. आम्ही तिथं बाटल्या भरायचो. त्याच्याजवळच बहुतेक ठिकाणी छपराखाली दगडी हौद दिसतो. कडेला उतरत्या शिळा. हा धुण्याचा हौद. १८५१ साली कायदा करून सरकारनं असे हौद बांधायला अनुदान दिलं. आज तिथं फुलझाडांच्या कुंड्या ठेवतात आणि पर्यटक फोटो काढतात. शिक्षिकाबाई म्हणाली, “छान दिसतंय ना? हिवाळ्यात गुडघे टेकून, बर्फासारख्या पाण्यात चादरी धुवून बघ.” पण पुढं तिनंच सांगितलं, की बायकांना चारचौघींत मोकळं बोलायला तीच एक जागा होती. आपल्या नदीचा घाट आठवला. नळ घरात आला, कंबर वाचली, पण त्याबरोबर ती बैठकही मोडली. तिच्या जागी दुसरी कुठली जागा आपण बायकांना दिली?

ल शेलारच्या बाजूला एरिय नदीच्या खोऱ्यात उतरलो, की पाण्याच्या कडेनं उंच दगडी इमारती दिसायला लागतात. बऱ्याच बंद पडलेल्या. या रेशमाच्या धाग्याला पीळ देण्याच्या गिरण्या. एकोणिसाव्या शतकात या कामात आर्देश फ्रान्समध्ये आघाडीवर होता, आणि काम करायच्या त्या मुली. डोंगरातल्या वाड्यांवरून त्या आठवड्याची शिदोरी बांधून खाली उतरत, आठवडाभर गिरणीच्याच माडीवर झोपत आणि शनिवारी पुन्हा चढून घरी जात. बऱ्याच ठिकाणी देखरेखीला जोगिणी असत. १८९२ च्या कायद्यानं बायकांचं रात्रीचं काम बंद केलं आणि दिवस अकरा तासांचा ठरवला. ‘ठरवला’ म्हणजे तो आधी त्याहून मोठा होता. शिक्षिकाबाईची आजी तेराव्या वर्षी अशाच गिरणीत लागली होती. पगार बापाच्या हातात जायचा. आम्ही ज्या चढावर दम खायला थांबलो होतो, तो चढ ती दर शनिवारी पायी चढायची. हौस म्हणून कुणी तो चढावा, हे तिच्या कल्पनेतही नव्हतं. १९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांनी मोठे संप केले आणि वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळवली. त्यानंतरच साधी माणसं सायकली घेऊन डोंगरात फिरायला निघाली. मैत्रिणींनो, विरंगुळासुद्धा भांडून मिळवावा लागतो.

आता मी ज्या शांततेचं मघापासून कौतुक करते आहे, तिच्याकडे वळते.

आर्देशमध्ये १८६१ साली सुमारे ३ लाख ८८ हजार माणसं राहत होती. शंभर वर्षांनी, १९६२ साली, ती अडीच लाखांच्या आत आली. रेशमाच्या किड्यांवर रोग आला, द्राक्षवेलींवर आला, गिरण्या मिटल्या, शहरांनी माणसं ओढून घेतली. आता आकडा पुन्हा वाढला आहे, पण उंचावरची गावं भरली नाहीत. शाळा बंद, दुकान बंद, दिवसाला एखादी बस किंवा तीही नाही. अशा गावांतून आधी निघून गेल्या त्या बऱ्याचदा मुली. समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी १९६२ साली पिरेनीजकडच्या आपल्या मुलखाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुली शहराकडे गेल्या आणि शेताचे वारस असलेले थोरले मुलगे बिनलग्नाचे राहिले, हे त्यांनी दाखवलं. मुलींनी पायांनी मत दिलं, असं मी म्हणेन. शेतावर राबणाऱ्या बायकोला तिथं स्वतंत्र दर्जा नव्हता. सहकारी जोडीदार म्हणून तिची नोंद करून तिला काही हक्क देणारा कायदा आला १९९९ साली. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करण्याचा आणि स्वतःचं बँक खातं उघडण्याचा हक्कच विवाहित स्त्रीला १९६५ साली मिळाला होता.

आणि ज्या राहिल्या त्यांचं काय? २०२१ साली फ्रेंच सिनेटच्या स्त्री-हक्क मंडळानं ग्रामीण स्त्रियांवर अहवाल दिला. फ्रान्समधल्या साधारण एक तृतीयांश स्त्रिया ग्रामीण भागात राहतात. पण नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून होणाऱ्या स्त्रियांच्या खुनांपैकी जवळजवळ निम्मे तिथं होतात. कारणं आपल्याला पाठ आहेत. शेजार लांब, पोलीस लांब, गाडी एकच आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात, गावात सगळे एकमेकांना ओळखणारे. ३९१९ हा मदतीचा फोन तिथं चोवीस तास चालतो. काही जिल्ह्यांत तर छळ कसा ओळखायचा याची पट्टी पाव बांधून देण्याच्या पिशवीवर छापून घरोघर पोचवली गेली. कल्पना चांगली आहे, आपण घेण्यासारखी आहे. पण फोन केल्यावर त्या घरातून निघायचं कशानं?

म्हणून मी शांत रस्ता कुणाचा, असं विचारते. मी चाकावर होते, माझ्याकडे परतीचं तिकीट होतं, त्यामुळे मला ती शांतता मोकळीक वाटली. खिडकीआड बसलेल्या एखादीला तीच शांतता भिंत वाटत असेल. रस्ता एकच, जंगल एकच. निघून जाण्याचं साधन आणि परत येण्याची हमी कुणाकडे आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावात चहा पिताना बायकांच्या शर्यतीचा विषय निघाला. पुरुषांची टूर १९०३ पासूनची. बायकांची १९५५ साली एकदा झाली, १९८४ ते १९८९ चालली, मग नावं बदलत, रडतखडत राहिली आणि बंद पडली. २०२२ साली ती नव्यानं सुरू झाली. त्या वर्षीचा शेवटचा टप्पा आर्देशपासून लांब, ईशान्येच्या व्होज पर्वतातल्या एका चढावर संपला. त्या डोंगराचं नाव ‘सुंदर मुलींची’ आठवण सांगतं. दंतकथा अशी, की सतराव्या शतकातल्या युद्धात सैनिकांच्या तावडीत सापडू नये म्हणून गावातल्या मुलींनी तिथल्या तळ्यात उड्या घेतल्या. अभ्यासक म्हणतात, मूळ शब्द बीचच्या झाडांचा, ‘मुली’ हा पुढचा अपभ्रंश. म्हणजे जंगलाच्या नावातही लोकांना बाईचा जोहारच ऐकू आला! त्याच चढावर आता बायका घाम गाळत, एकमेकींना मागं टाकत वर जातात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं टाळ्या वाजवतात. हा बदल मला फार मोठा वाटतो.

तरी एक सांगते. चार दिवसांत आम्हाला भेटलेले सायकलस्वार बहुतेक पुरुषच होते. कायदा झाला, गिअर आले, रस्ता झाला, तरी रविवारी सकाळी घरातून निघायचं कुणी आणि नाश्त्याचं बघायचं कुणी, हा हिशेब तिथंही अजून मिटलेला नाही. म्हणून तिथल्या सायकल-पर्यटन संघानं २०१२ साली पॅरिसला आणि २०१६ साली स्ट्रासबुर्गला देशभरातून फक्त बायकांच्या सायकलयात्रा नेल्या. पुष्कळजणी पहिल्यांदाच इतक्या लांब निघाल्या होत्या.

शेवटी एक ठराव मांडते. आपल्या केंद्रात तीन जुन्या सायकली धूळ खात उभ्या आहेत. त्या दुरुस्त करू. दर रविवारी सकाळी दोन तास शाळेच्या मैदानावर, ज्यांना येत नाही त्यांना शिकवू. वयाची अट नको, साडी असली तरी चालेल. मुलं सांभाळायला आळीपाळीनं दोघी थांबू. आणि वहीत नाव लिहिताना ‘कशासाठी शिकायचंय’ हा रकाना ठेवायचा नाही.

ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.