पूर ओसरल्यावर

भिलाईच्या कोहका वस्तीतील मराठी माणसाला कृष्णा दूर असली, तरी पूर परका नाही. त्याच्या दुर्ग जिल्ह्यातूनच शिवनाथ वाहते. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडील गावे वेढली, तेव्हा तिकडे काय धाडावे, हा प्रश्न इथल्या घरालाही पडावा, हे स्वाभाविकच होय.

त्या वेळी धान्य, पाणी, कपडे यांची मदत ठिकठिकाणांहून गेली. देणाऱ्यांचे मन मोठे होते. परंतु पाणी ओसरले की दुसरे संकट उभे राहते. पोंग्यात गाळ बसून ऊस कुजतो, कडबा भिजतो, मातीची भिंत खचते. तेथे जुन्या कपड्यांचे गाठोडे काय कामाचे? दुभत्या जनावराला वैरण हवी, रब्बीला बियाणे हवे, मुलांना पुस्तके हवीत.

दाता पहिल्या आठवड्यात येतो. गरज मात्र पुढच्या सुगीपर्यंत राहते. म्हणून देण्यापूर्वी विचारावे, आणि ओंजळीतले थोडे मागाहून देण्यासाठी राखावे. आज हात पसरणारा शेतकरी कालपर्यंत आपलाच पोशिंदा होता. त्याला पुन्हा पेरते करील, तेच खरे दान.