मूळ पुरुषाचा शोध

आपण कोणाचे आणि कोठून आलो, हा प्रश्न पोटापाण्याच्या विवंचनेत असलेल्या माणसाला फारसा सुचत नाही. घराला थोडे स्थैर्य लाभले, नातवंडे विचारू लागली, म्हणजे जुन्या पेट्या उघडल्या जातात. महाराष्ट्रातला माणूस अशा वेळी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहतो किंवा आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त चाळतो. दिल्ली-पंजाबकडचा माणूस हरद्वारच्या पंड्यांकडे जातो. परंतु दिल्लीत अशीही काही घराणी आहेत की, ज्यांची वही ना नाशिकला आहे, ना हरद्वारला. ती आहेत चिनी घराणी.

संख्येने ती मोजकीच. तथापि कॅनॉट प्लेसमधील चिनी जोडेवाले आणि जुन्या वस्तीतील चिनी दंतवैद्य दिल्लीकरांच्या कित्येक पिढ्यांना परिचित आहेत. ही कुटुंबे थेट चीनहून दिल्लीस आली असे सहसा नाही. त्यांच्या वाटेवर बहुधा कलकत्ता असते. टाँग अच्यू नावाच्या चिनी गृहस्थाला १७७८ च्या सुमारास वॉरन हेस्टिंग्जने बजबजजवळ जमीन दिली आणि त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावास अछीपूर म्हणतात. चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्याचे चिनी लोक आजही त्याच्या समाधीस जातात. पुढे कँटनकडचे सुतार आले, हूपे प्रांतातले दंतवैद्य आले आणि क्वांगतुंग प्रांताच्या मेइश्येन भागातून हक्का लोक आले. कातडी कमावणे व जोडे शिवणे हे हक्कांचे भारतातील मुख्य धंदे झाले. नवी दिल्ली वसू लागली तशी त्या धंद्यांची एक शाखा राजधानीत आली.

चीनमध्ये वंशावळ ठेवणे हे उपाध्यायाचे काम नव्हे. ते खुद्द कुळाचे काम आहे. त्या वंशग्रंथाला त्सूपू म्हणतात. साधारणपणे दर तीस वर्षांनी त्याची नवी प्रत सिद्ध करावी, असा जुना संकेत आहे. मूळ पुरुषापासून पिढ्यांना क्रमांक दिलेले असतात, आणि प्रत्येक पुरुषापुढे जन्म, मृत्यू, पत्नीचे माहेरचे कुळ व दफनाची जागा नोंदलेली असते. याखेरीज पुष्कळ कुळांचे एक लहानसे पद्य असते. त्यातला एकेक शब्द एकेका पिढीस नेमून दिलेला असतो, आणि त्या पिढीतील सर्व भावांच्या व चुलतभावांच्या नावांत तो यावा अशी रीत असते. त्यामुळे परमुलखात दोन अनोळखी कुळबंधू भेटले, तरी नुसत्या नावांवरून कोण काका आणि कोण पुतण्या हे ठरते. मग काका वयाने लहान असला तरी मान त्याचाच. या परंपरेचा पसारा केवढा, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. कन्फ्यूशियसच्या खुंग घराण्याचा जो वंशग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात वीस लाखांहून अधिक नावे आहेत.

इतकी बळकट व्यवस्था असताना दिल्लीतल्या चिनी तरुणाला आपले कूळ सापडू नये, याचे नवल वाटते. त्याची पहिली अडचण नावातच आहे. चिनी कुलनाम हे एक अक्षर असते. त्याचा उच्चार मात्र बोलीगणिक बदलतो. जे अक्षर उत्तरेत ‘छन’ म्हणून वाचतात, तेच कँटनमध्ये ‘चान’ आणि फूक्येनमध्ये ‘तान’ होते. उलटपक्षी ‘वाँग’ हे कँटनी नाव दोन अगदी वेगळ्या अक्षरांचे असू शकते. एकाचा अर्थ राजा, दुसऱ्याचा पिवळा रंग. कुळे दोन, उच्चार एक. बंदरावरच्या कारकुनाने कानाला जसे भासले तसे नाव रोमन लिपीत टिपले, आणि पुढे शाळेच्या दाखल्यावर व दुकानाच्या पाटीवर तेच चालत राहिले. लिपी गेली की कूळ धूसर होते. मूळ अक्षर हाती नसेल, तर पुढची सारी वाट अंधारात चाचपडण्यासारखी आहे.

दुसरी किल्ली गावाच्या नावाची. आपल्याकडे गोत्र आणि कुलदैवत विचारतात, तसे चिनी माणसाला कूळ आणि जिल्हा विचारतात. मुंबईकरांना याचा पुरावा माझगावातच मिळेल. तेथील चिनी देवालय १९१९ साली उभे राहिले. त्याच्या नावातील ‘सी यप’ या शब्दांचा अर्थ ‘चार तालुके’ असा असून, ते क्वांगतुंग प्रांतातले ठरावीक तालुके होत. म्हणजे देवळाने देवाआधी गाव सांगितले! मात्र गावांची नावेही स्थिर नसतात. आजच्या मेइश्येनला चिनी साम्राज्याच्या अखेरपर्यंत ‘च्याइंग’ म्हणत. हक्का बोलीत त्याचे ‘काइन’ होते. आजोबांच्या तोंडी ‘काइन’ आणि नकाशावर मेइश्येन, हे एकच आहे हे सांगणारा कोणी हवा.

हे दोन्ही दुवे एकत्र सापडतात ते थडग्यावरच्या दगडावर. चिनी समाधिशिलेवर मृताच्या नावाबरोबर बहुधा त्याचा जिल्हा, कधी खेडे, कधी पिढीचा क्रमांक आणि मुलानातवंडांची नावे कोरलेली असतात. तेथील सनावळी मात्र समजून घ्यावी लागते. प्रजासत्ताकाचा सन १९१२ पासून मोजतात. तेव्हा दगडावर तिसावे वर्ष असेल तर ते १९४१ होय. त्याआधीच्या दगडांवर बादशहाच्या कारकीर्दीचे वर्ष येते. वयही जन्मतःच एक धरलेले असते. वसंतात छिंगमिंगच्या दिवशी वंशज कबरी साफ करावयास जमतात. तेव्हा त्या दगडाचे छायाचित्र घेऊन ठेवणे, हा वंशशोधाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा उपाय आहे. सरकारी कागदही साह्य करतात. परकीयांच्या नोंदणीचा कायदा १९३९ साली झाला. त्याखालील जुने दाखले घरोघर पेट्यांत असतात. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रिटिश अमदानीतील गृह व परराष्ट्र खात्यांची दप्तरे जतन केलेली आहेत. अक्षर वाचून देणारे जाणकार दिल्लीच्या विद्यापीठांतून भेटतात.

मग ही पाने उलटली का गेली नाहीत? १९६२ च्या ऑक्टोबरात सीमेवर युद्ध पेटले. चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातील देवली येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत बहुसंख्य आसाम-बंगालमधले होते. कित्येकांचा जन्म भारतातच झालेला होता. काहींची सुटका होण्यास १९६७ साल उजाडले. अनेकांना चीनला पाठविण्यात आले. पुढे कितीतरी कुटुंबे कॅनडातील टोरांटोकडे निघून गेली. जी राहिली त्यांना परवानगीवाचून प्रवास नव्हता आणि ठाण्यावरची हजेरी चुकत नव्हती. जे कागद एरवी कुळाचा अभिमान म्हणून जपले असते, तेच परकेपणाचा पुरावा ठरू लागले. आईबापांनी मुलांना अक्षरे शिकविली नाहीत, ती भयापोटी. आणि नियतीची विचित्र गती अशी की, १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत खुद्द चीनमध्येही वंशग्रंथ जुनाट रूढीचे अवशेष म्हणून जाळले गेले. दोरीची दोन्ही टोके चार-पाच वर्षांच्या आत तुटली.

सुदैवाने सर्वच ग्रंथ जळाले नाहीत. शांघाय ग्रंथालयाच्या पुढाकाराने जी सूची तयार झाली, तीत पन्नास हजारांहून अधिक वंशग्रंथांची नोंद आहे. मात्र ग्रंथ सापडला म्हणजे सत्य सापडले असे मानण्याचे कारण नाही. वंशावळी जगात सर्वत्र लिहिल्या जातात त्या थोर पूर्वजाकडे डोळे लावून. लो श्यांगलिन या विद्वानाने १९३३ साली हक्कांचा इतिहास लिहिताना वंशग्रंथांचाच आधार घेतला. परंतु असंख्य हक्का कुळे फूक्येनमधील श्रपी या एकाच खेड्यातून आल्याचे सांगतात, यात इतिहासापेक्षा आख्यायिकेचा अंश अधिक, असे अभ्यासकांना वाटते. शिवाय या ग्रंथांत मुलींना स्थान नव्हते. पत्नी आली तीही केवळ माहेरच्या कुलनामाने. खुंग घराण्याने स्त्रियांची नावे घातली ती २००९ च्या आवृत्तीत प्रथमच. कलकत्त्यात किंवा दिल्लीत दुकान सांभाळून, पोरे वाढवून, बिकट काळात घर उभे ठेवणाऱ्या बाईचे नाव मेइश्येनच्या ग्रंथात शोधणे व्यर्थ आहे.

आणि येथेच त्या जुन्या परंपरेतील एक उदार नियम उपयोगी पडतो. गाव सोडून नव्या मुलखात पहिल्याने स्थिरावलेल्या पुरुषास चिनी वंशग्रंथ मोठा मान देतात. नव्या शाखेचा तो मूळ पुरुष ठरतो आणि त्याच्यापासून पिढ्या नव्याने मोजल्या जातात. हक्का शब्दाचा अर्थच ‘पाहुणे कूळ’. त्यांचा सारा इतिहास अशा मूळ पुरुषांचा आहे. या न्यायाने पाहता, हातात आरी व रापी घेऊन कलकत्त्याहून दिल्लीस आलेला चांभार हा कुळाचा तुटलेला धागा नव्हे. तो एका नव्या शाखेचा आरंभ होय. मेइश्येनचे खेडे सापडले तर उत्तमच. न सापडले, तरी दिल्लीतील ग्रंथ अपुरा राहत नाही.

मात्र तो लिहिला पाहिजे. ज्या वृद्धांना आजोबांच्या नावाचे अक्षर ठाऊक आहे, त्यांची संख्या दरसाल घटते आहे. एखाद्या रविवारी त्यांच्यापुढे कोरा कागद आणि कुंचला ठेवावा आणि एवढे एक अक्षर लिहून घ्यावे. त्याखाली गाव, त्याखाली दिल्लीस आल्याचे साल, आणि मग मुलांइतक्याच ठळकपणे मुलींची नावे. मूळ पुरुषाच्या शेजारी मूळ स्त्रीचेही नाव यावे. वंशग्रंथाचे पहिले पान याहून मोठे कधीच नसते.