नाक वास घेते, अर्थ मेंदू लावतो
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी भाषेचा शिक्षक. एकदा विज्ञानाचे सर रजेवर असल्याने आठवीचा वर्ग घेऊन प्रयोगशाळेत गेलो. स्पिरिटचा दिवा पेटवताच एक मुलगा दाराशीच थबकला. टाळाटाळ करतो असे समजून मी त्याला सर्वांसमक्ष रागावलो. सुट्टीत तो हळूच म्हणाला, "सर, हा वास आला की अब्बांचं हॉस्पिटल आठवतं." मी खजील झालो. त्यानंतर जे वाचले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

वास म्हणजे पदार्थापासून निघून हवेतून आलेले सूक्ष्म रेणू. नाकाच्या आत, वरच्या भागात लाखो पेशी असतात व त्यांच्यावर हे रेणू ओळखणारे ग्राहक असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. अमेरिकेतील लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहकांची जनुके शोधून काढली. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकार चारशेच, मग वास इतके कसे ओळखतो? उत्तर आपल्या मुळाक्षरांतच आहे. अक्षरे मोजकी, पण त्यांच्या जुळणीतून शब्द अगणित होतात. एक रेणू अनेक ग्राहकांना जागे करतो. कोणकोणते ग्राहक जागे झाले, यावरून मेंदू वास वाचतो. आणि दृश्य किंवा आवाज यांपेक्षा जवळच्या वाटेने वासाचा संदेश भावनांच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. म्हणूनच एका वासाने जुने दुःख क्षणात जागे होते.

पण वाचलेल्या शब्दाचा अर्थ कोण ठरवतो? आपला अनुभव. सुक्या बोंबलाच्या वासाने कोकणातल्या माणसाला भूक लागते, तर पाहुणा नाकाला रुमाल लावतो. बर्कले येथील शास्त्रज्ञ वॉल्टर फ्रीमन यांनी सशांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. लाकडाच्या भुशाच्या वासाची एक आकृती मिळाली. मग सशांना केळ्याचा वास शिकवला आणि पुन्हा भुशाचा दिला, तेव्हा आकृती पहिल्यासारखी राहिली नव्हती. वास तोच होता, मधल्या शिकण्याने मेंदू बदलला होता.

म्हणजे मेंदू जगाचा नुसता फोटो काढत नाही. मुलाच्या मनातले जग त्याच्या अनुभवांनी घडते. पालकहो, मूल एखाद्या गोष्टीला भ्याले तर हसू नका, मारू नका, आधी विचारा.

विज्ञानाच्या सरांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी घाई केली नाही. खिडक्या उघडल्या, मुलाला मित्राशेजारी बसवले. काही आठवड्यांनी त्याने स्वतः काडी ओढून दिवा पेटवला. स्पिरिट तेच होते. त्या वासाला आता एक दुसरी आठवणही जोडली गेली होती.

ती जोडणे हेच आपले, घराचे आणि शाळेचे काम आहे.